उधाणातली शिवरात्र

अर्नाळा,
२८ जानेवारी १९८१

प्रिय मॅग्डू,

अष्टमीची भांगाची भरती चालू आहे, समुद्राला ओढ नाही, बोट किनाऱ्याला बांधलेली आहे. म्हणून हात रिकामे आहेत आणि तुला लिहायला बसलेय. आपण दोघी एका तालुक्यात राहून पत्रं लिहितो म्हणून माझी जाऊ हसते. "एसटीत बस आणि जाऊन ये की पाचूबंदरला," म्हणते. तिला काय सांगू? तुझ्याकडे आले की तुझ्या चार शेजारणी येऊन बसतात, आणि हे बोलणं चारचौघींतलं नाही.

तर ऐक. यंदा महाशिवरात्रीला मी तुंगारेश्वरला जाणार. अर्नाळ्यापासून चालत, अनवाणी. आणि एकटी नाही, ह्यांना घेऊन.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरचं ते वादळ तुला आठवत असेल. सगळ्यांच्या बोटी किनाऱ्याला लागल्या आणि आमचीच आली नाही. दोन दिवस मी किनारा सोडला नाही. बायका दंडाला धरून घरी ओढत होत्या, मी गुडघाभर पाण्यात उभी. शेवटी उगवतीला, डोंगराकडे तोंड केलं आणि ओरडून बोलले, "तुंगारेश्वरा, माझा माणूस जिवंत आण. शिवरात्रीला आम्ही दोघं अनवाणी चालत येऊ, तुझ्या ओढ्यात आंघोळ करू, आणि तो स्वतःच्या हाताने ओढ्याचं पाणी आणून तुझ्या पिंडीवर घालील." संध्याकाळी बोट लागली. सगळे जिवंत.

चार दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी काय बोलून बसले! अगं, शिवरात्र! अमावास्येच्या तोंडावर! म्हणजे उधाण! कोळ्याच्या पोटी जन्मले, कोळ्याच्या घरी नांदले, तिथी सांग आणि पाणी किती वाजता चढेल ते विचार, मी झोपेत सांगेन. आणि नवस बोलताना तिथी बघितली नाही. आमची डोलीची जाळी उधाणाच्या ओढीवरच भरतात. कुठला नाखवा त्या दिवशी बोट सोडून डोंगर चढेल? निर्मळच्या यात्रेला अख्खं गाव जातं, कारण कार्तिकातल्या त्या एकादशीला भांग असतो. तुंगारेश्वरला शिवरात्रीचा आमच्यातला एक पुरुष दिसायचा नाही. वर्षातला जो दिवस आमचा नाहीच, तोच मी देवाला देऊन बसले.

दोन शिवरात्री अशाच गेल्या. सासूबाई म्हणतात, तिसरी रिकामी गेली तर नवस उलटतो, आणि ज्याला मागून आणलं त्याच्यावरच उलटतो. परवा बोटीतून उतरताना ह्यांचा पाय घसरला. नुसतं खरचटलं, पण मला सासूबाईंचं बोलणं आठवलं.

पुजारी म्हणतो, कुठल्याही सोमवारी या, देवाला चालतं. देवाला चालत असेल, मला चालत नाही. बोलले तसंच फेडणार. शिवरात्र ४ मार्चला आहे. कसं जायचं ते ठरलेलं नाही, जायचं हे ठरलंय.

पास्कलभावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
हंसा


पाचूबंदर, वसई
१ फेब्रुवारी १९८१

हंसे,

चर्चमधली रविवारची मिस्सा करून आले आणि भात चुलीवर ठेवून लगेच उत्तर लिहितेय. भात करपला तर पास्कल तुझ्या नावाने ओरडेल, माझ्या नाही.

तुझं पत्र वाचून आधी हसले. खोटं कशाला बोलू? चौथीत गुरुजी विचारायचे, अष्टमीला भरती कधी, आणि वर्गात सगळ्यांच्या आधी तुझा हात वर. आणि तीच हंसा नवसाला उधाणाचा दिवस देऊन आली! मग तू पाण्यात उभी होतीस ते परत वाचलं आणि हसू पळून गेलं. त्या दिवशी मी तुझ्याजवळ नव्हते, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मोरेश्वरदादांचं. त्यांचा हट्ट मला ठाऊक आहे. दोन वर्षं तू मिनत्या करतेस आणि ते जाळं जाळं करत बसतात, असंच ना? मग सरळ भांडण काढ. बोल त्यांना, "तुमच्याच जिवासाठी बोलले, माझ्यासाठी साडी नव्हती मागितली." तरी ऐकलं नाही तर आठवडाभर कालवणात मीठ घालू नकोस. पास्कलवर हा उपाय तीन दिवसांत लागू पडतो.

एक गंमत सांगते. चर्चचं कॅलेंडर काढून ४ मार्च बघितला, तर आमचा राखेचा बुधवार त्याच दिवशी! तुझाही उपास, माझाही उपास. तू तिकडे फराळाला रताळी खाशील, मला मात्र एकाच जेवणावर दिवस काढायचा आहे, एवढाच फरक.

दादा काय म्हणतात ते कळव. नुसतं "जाणार, जाणार" लिहू नकोस.

तुझी,
मॅग्डलीन


अर्नाळा,
९ फेब्रुवारी १९८१

प्रिय मॅग्डू,

अमावास्येच्या उधाणात मान वर करायला फुरसत मिळाली नाही. बोंबील एवढे लागले की वलांड्यांवर टांगायला दोरी कमी पडली. आज जरा बसलेय.

तुझा मिठाचा उपाय माझ्या कामाचा नाही. कारण तुला वाटतं तसं ह्यांनी नकार दिलेला नाही. मी त्यांना विचारलेलंच नाही.

आता ओरडू नकोस. नवस आहे एवढं त्यांना माहीत आहे. तो माझा एकटीचा आहे असं त्यांना वाटतं. "तुझा नवस हाय ना, मंग तू जा की बायकांबरोबर," असं दरवर्षी म्हणतात. त्यांचे पाय आणि त्यांचे हात मी देवाला बोलून ठेवलेत, हे मी आजवर त्यांना सांगितलं नाही.

का, ते ऐक. वादळानंतरच्या गणपतीत शेजारचा म्हातारा सहज म्हणाला, "मोरेश्वर, देवानं आणला तुला." तर हे सगळ्यांसमोर काय बोलले? "मला देवानं नाय आनला. दोन दिवस सुकानूवर माझा हात होता, त्या हातानं आनला." असा माणूस! त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्ही आलात ते माझ्या बोलण्याने आलात, आता चला आणि पाणी घाला? ते फटकन "नाय" म्हणतील. आणि एकदा त्यांच्या तोंडून "नाय" गेलं की नवस तिथेच मोडला. विचारलं नाही तोवर त्यांनी नाकारलेलं नाही. मी ह्या एका धाग्याला धरून दोन वर्षं काढली आहेत.

मनात काय काय येतं सांगू? शिवरात्रीच्या आदल्या दिवशी इंजिनाचा एखादा नट काढून पिठाच्या डब्यात टाकावा. किंवा मी वाटेत पडल्याचं सोंग करावं, निरोप धाडावा, म्हणजे धावत तरी येतील. पण सोंग करून आणलेला माणूस देवाला कसा चालेल? म्हणून ते सोडून दिलं. जाणार मात्र नक्की.

हे कोणाला बोलू नकोस. तुला शपथ आहे.

तुझी,
हंसा


पाचूबंदर, वसई
१३ फेब्रुवारी १९८१

मोरेश्वरदादांना मॅग्डलीनचा नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठीक आहेत. हे पत्र हंसाच्या नावावर न पाठवता तुमच्या नावावर पाठवलंय, त्याला कारण आहे.

दादा, लहानपणी अर्नाळ्याला तुमची आणि आमची घरं एका गल्लीत होती. मी तुम्हाला राखी बांधली नाही तरी भाऊच मानते, म्हणून स्पष्ट विचारते. येत्या शिवरात्रीला एक दिवस बोट बांधून हंसाबरोबर तुंगारेश्वरला जाल का? तिला एकटीला जायचं नाही. का नाही, ते मी सांगणार नाही, मला शपथ घातली आहे. पण ती उगाच हट्ट करणारी बाई नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

नाही म्हणायचं असेल तर मला लिहा. तिला काही बोलू नका. तुमचं "नाही" माझ्याकडेच राहील.

तुमची बहीण,
मॅग्डलीन


अर्नाला
१६ फेब्रुवारी १९८१

मॅग्डलीनबाय,

मला लिवायची सवय नाय. चुकलं तर समजून घे.

तू इचारलंस म्हनून सांगतो. हंसाला बोलू नको, तुला शपथ हाय. वादळात बोटीवर माझ्या भावाची दोन पोरं होती. आता ती पोरं नाय रायली, मिशा आल्यात, पन माझ्या हिशोबी पोरंच. त्यांचा बाप ह्याच दर्यात गेला, तुला म्हाईत हाय. इंजिन बंद पडलं, बोट नुसती वाहत होती. थोरला पानी उपसत होता. धाकट्यानं माझा सदरा मुठीत धरला तो सोडलाच नाय. तवा मी दर्याला बोललो, ह्या दोघांना त्यांच्या आयशीकडं पोचव. ह्याच्यापुढं मी बोटीवर नसेन तवा ही पोरं तुझ्या अंगावर येनार नाय. त्यानं पोचवली.

तवापासून मी एक उधान चुकवलं नाय. अंगात ताप असताना गेलो. आता शिवरात्रीला बोट बांधून ठेव म्हनतेस, तर बाकीच्या खलाश्यांची घरं उधानावरच चालतात. त्यांना घरी बस कसं सांगू? ते बोट काढनार, पोरं त्यांच्याबरोबर जानार, थांबा म्हटलं तर कारन इचारनार, आनि मी डोंगरावर. मंग माझा शब्द गेला.

हंसाला सांगितलं तर ती जावेला सांगनार. जावेच्या मनात एकदा भीती बसली की ती पोरांना दर्यावर सोडनार नाय, आनि कोल्याच्या पोरानं दुसरं करायचं काय? म्हनून गप्प हाय. लोकांना सांगतो माझ्या हातानं आलो. असं बोललं की कोन पुढं काय इचारत नाय.

हंसाचं मन मोडायला मला बरं वाटत नाय. पन काय करू?

मोरेश्वर


पाचूबंदर, वसई
२२ फेब्रुवारी १९८१

हंसा आणि मोरेश्वरदादा,

हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचायचं. दादांनी मोठ्याने वाचायचं आणि हंसाने मधे बोलायचं नाही.

तुम्ही दोघांनी मला शपथा घालून ठेवल्यात. एकाची पाळली तर दुसऱ्याचं नुकसान, दोन्ही पाळल्या तर दोघांचं. परवा कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला गेले तेव्हा फादरना विचारलं, दोन माणसांच्या शपथा एकदम मोडल्या तर पाप किती? ते म्हणाले, "कोणाच्या भल्यासाठी मोडतेस ते सांग." मी सांगितलं. ते हसले, म्हणून आता मोडते.

दादा, हंसा तुमचा जीव मागताना शिवरात्रीचा नवस बोलली. तुम्ही दोघं अनवाणी चालत जाल, आणि ओढ्याचं पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने पिंडीवर घालाल, असं बोलली आहे. गुडघाभर पाण्यात उभी राहून, ओरडून. तुम्ही "नाय" म्हणाल ह्या भीतीने दोन वर्षं तोंड मिटून बसली आहे.

हंसा, दादांनी त्याच वादळात दर्याला शब्द दिलाय, की ते बोटीवर नसतील तर पुतणे समुद्रावर जाणार नाहीत. म्हणून ते उधाण सोडत नाहीत. जाळ्याचा लोभ नाही तो. आणि "माझ्या हाताने आलो" ही बढाई लोकांची तोंडं बंद करायला आहे.

आता भांडा पाच मिनिटं. भांडून झालं की पुढे वाचा.

झालं? तर पुतण्यांनाही डोंगरावर न्या. पोरं समुद्रावर नाहीत, दादांचा शब्द राहिला. दादा डोंगरावर, हंसाचा शब्द राहिला. बोट मात्र बांधायची नाही, ती पास्कल नेईल तुमच्या बाकीच्या खलाशांना घेऊन. आमची बोट त्या दिवशी त्याचा भाऊ लॉरेन्स बघेल. भरती दुपारच्या सुमाराला आहे, बोट तेव्हाच निघणार. आम्ही पहाटेच्या मिस्सेला राख लावून घेतो आणि एसटीने येतो. कपाळाला राख असताना जाळं ओढू नये असं कुठल्या फादरने आजवर सांगितलेलं नाही. बोंबील टांगायला मी आहे आणि हंसाची जाऊ आहे.

उपकार म्हणून नको, अदलाबदल करू. आमचा गुड फ्रायडे पुनवेच्या आसपासच येतो. म्हणजे आमच्याकडेही उधाण! बंदरातल्या पुष्कळ बोटी त्या दिवशी बांधलेल्या असतात, पण आमची जाळी लांब, भर ओढीत. उचलली नाहीत तर फाटून जातात. लॉरेन्सला क्रूस खांद्यावर घ्यायचा मान, म्हणून पास्कलला जावं लागतं. लग्न झाल्यापासून क्रुसाच्या वाटेला मी एकटी चालते. गुडघे टेकले की मागे वळून बघते, आला का. तो येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. तर गुड फ्रायडेला दादांनी आमची बोट न्यावी.

दादा, मला माहीत आहे, आपल्यात सुकाणू परक्या बंदराच्या माणसाच्या हाती देत नाहीत. पास्कललाही तुमच्या हातात द्यायला जड जाणार आहे. पण तो तयार झालाय. आता तुम्ही बघा.

तुमची,
मॅग्डलीन


अर्नाळा,
२६ फेब्रुवारी १९८१

मॅग्डू,

तुला शिव्या द्याव्यात की तुझ्या गळ्यात पडावं, तेच मला कळेना झालंय.

हे मोठ्याने वाचत होते. स्वतःच्या शब्दाजवळ आले आणि थांबले. पुढचं मी ओढून घेऊन वाचलं. दारात जाऊ उभी होती, तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ही छाती पिटणार. ती पुढे आली, ह्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "भावोजी, मग मी दोन वर्षं उगाच रात्रीची जागते." बस, एवढंच. मॅग्डू, आम्ही तिघं एका घरात राहतो, एका चुलीवर जेवतो, आणि बघ!

त्यावरून आम्ही भांडलो नाही. भांडण झालं ते सुकाणूवरून. "बोट नेऊ दे, सुकानू देनार नाय," म्हणाले. मी विचारलं, मग बोट काय पास्कलभावोजी शेपटीला धरून नेणार? "बापाच्या येळेपासून आपल्या सुकानूला दुसऱ्या बंदराचा हात लागला नाय." मग मीही उभी राहिले. म्हटलं, "मी तुमचे हातपाय तुम्हाला न विचारता देवाला दिले, ती माझी चूक. पण दिलेत. आता सुकाणू मोठा की ते हात, तुम्ही ठरवा. मी चार तारखेला पहाटे उंबऱ्याबाहेर पाय टाकणार. मागे बघणार नाही."

उठून किनाऱ्यावर गेले. जेवायच्या वेळेला आले, पाटावर बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, "पास्कलला लिव, इंजिन थंड असताना जोर देऊ नको म्हनावं. आनि सुकानू डावीकडं जरा ओढतो."

म्हणून लिहितेय. इंजिन थंड असताना जोर देऊ नका, आणि सुकाणू डावीकडे ओढतो.

हंसा


पाचूबंदर, वसई
६ मार्च १९८१

हंसे,

तुमची भेट झाली नाही. पास्कलने काल सकाळची खेपही करून दिली, आणि तुम्ही परत यायच्या आत आम्हाला शेवटची एसटी धरावी लागली, म्हणून लिहून कळवते.

बुधवारी आम्ही पोहोचलो तेव्हा तुमचे खलाशी किनाऱ्यावर तोंडं पाडून उभे होते. परका नाखवा! पास्कलने कोणाला काही सांगितलं नाही. बोटीवर चढला, आधी सुकाणूला हात जोडले, मग धरला. तिथे त्यांची तोंडं सरळ झाली. थंड इंजिनाला जोर दिला नाही, हे दादांना सांग. सुकाणू डावीकडे फार ओढतो, जरा नाही, हेही सांग.

मासळी भरपूर आली. मी आणि तुझी जाऊ तिन्हीसांजेपर्यंत बोंबील टांगत होतो. गावातल्या एका बाईने माझ्या कपाळाकडे बघून विचारलं, "तुम्हीपण शिवाला जाऊन आलात का?" मी म्हटलं, नाही, आमचं दुसरीकडे असतं. तुझी जाऊ एवढी हसली की हातातले बोंबील वाळूत पडले. तुझ्या सासूबाईंनी मला चहा विचारला. मी उपास म्हटलं, तर म्हणाल्या, "आज तर सगळ्यांचाच."

पाच वाजता वारा जरा फिरला आणि बोट दिसेना. तुझी जाऊ आणि मी पाण्यापर्यंत गेलो. तू दोन दिवस तिथे कशी उभी राहिलीस गं? मला अर्धा तास निघेना. मग बोट दिसली.

आता तुझं सांग. पाणी घातलं ना त्यांनी? तेवढं एक मला लवकर कळव, बाकीचं सावकाश लिही.

मॅग्डलीन


अर्नाळा,
१० मार्च १९८१

प्रिय मॅग्डू,

पहिलं पहिलं लिहिते. पाणी घातलं.

आता सावकाश. पास्कलभावोजींनी सुकाणूला हात जोडले, हे मी ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "गुड फ्रायडेला मी जानारच होतो. आता पोरांनाबी घेऊन जातो, जाळी नीट उचलू." तर ते नक्की झालं. तुझ्या घरी आदल्या दिवशी येतील, त्यांना तिखट कमी लागतं.

पहाटे निघालो. मी, हे आणि दोघे पुतणे. आगाशी, विरार, मग रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला, गोखिवऱ्यावरून सातिवलीकडे. वाळूत हे कसे चालतात तुला ठाऊक आहे, मागे वळून बघावं लागतं एवढे पुढे. डांबरावर मात्र चार पावलांत वैतागले. "ही काय वाट हाय? हलतबी नाय!" पुतणे हसून बेजार. प्रत्येक चढाला हे मावळतीकडे वळायचे, दर्या दिसतो का बघायला. दिसला की म्हणायचे, "वारा बरा हाय," आणि पुढे निघायचे. दुपारी भरतीची वेळ झाली तेव्हा वाटेतच उभे राहिले. थोड्या वेळाने आपणच चालू लागले.

माझ्या पायांना विरारच्या पुढेच फोड आले होते. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला खांद्यावर घेतलं असतं, आणि नवस चालत जायचा आहे. साडी जरा खाली सोडली आणि चालले. सातिवलीच्या पुढे जंगलात शिरल्यावर खडे लागायला लागले. दोनदा वाटलं, आता बसले तर उठायची नाही. म्हणून बसलेच नाही.

ओढ्याला पाणी कमी होतं, डोहात मात्र कमरेएवढं. सगळा जन्म समुद्रात गेलेला माणूस, त्या डोहात उतरला आणि थंड लागलं म्हणून ओरडला! ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि मला म्हणाले, "हंसा, गोडं हाय गं." जसं काही हे मला नवीनच सांगतायत. मीही आंघोळ केली. बाहेर येऊन दगडावर बसले आणि साडी पिळताना पाय उघडे पडले.

ह्यांनी बघितलं. तळवे सोलून निघाले होते. डोहात परत उतरले, देवासाठी आणलेला तांब्या भरला, माझ्यापुढे येऊन खाली बसले, आणि ते पाणी माझ्या पायांवर घातलं. मॅग्डू, एवढी माणसं! विरारच्या बायका, आगाशीच्या बायका, सगळ्या बघतायत! मी लाजेनं मेले. "अहो, देवाचं पाणी आहे ते! काय करताय?" तर मान वर न करता म्हणाले, "दोन दिवस सुकानू धरला, तो किनाऱ्यावर कोन उभं असंल म्हनून धरला. नायतर कवाच सोडला असता. हे पानी आधी इथलं." आणि उरलेलं दुसऱ्या पायावर घातलं.

मग ओरडलेच, "आता तांब्या घासा परत! आणि नवीन पाणी भरा, असंच नेताय की काय!" गुपचूप वाळूने तांब्या घासला. पुतणे तोंड फिरवून उभे होते, धाकटा डोळे पुसत होता.

रांग खूप मोठी. आमचा नंबर आला तेव्हा ह्यांचा हात थरथरायला लागला. वादळात ज्या हाताला कंप सुटला नाही, तो हात! पाणी निम्मं पुजाऱ्याच्या हातावर सांडलं. पुजारी मला म्हणाला, "बाई, हाताला हात लावा, जोडीने घाला." मी लावला नाही. बोलले होते ते ह्यांच्या हाताचं बोलले होते. मी हात जोडून बघत उभी राहिले. सांडत सांडत सगळं पाणी पिंडीवर गेलं, आणि तांब्या रिकामा झाला.

तेव्हा मी रडले. वादळात रडले नव्हते गं मी, त्या दोन दिवसांत एकदाही नाही. तिथे गाभाऱ्यात मात्र भिंतीला धरून मोठमोठ्याने रडले. मागची माणसं ढकलत होती, पुजारी पुढे चला, पुढे चला करत होता. हे आधी गोंधळले, मग माझा दंड धरला आणि कानाजवळ येऊन म्हणाले, "रडतेस काय येड्यासारखी? आलो ना मी."

तुझी,
हंसा